मधल्या डागांचा हिशेब: टेस्ट कधी करायची आणि कधी थांबायचं

पाळी येऊन गेली, पुढची यायला अजून वेळ आहे, आणि अचानक आतल्या कपड्यावर गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. पोटात गोळा येतो. मोबाइल हातात घेऊन शोध सुरू होतो आणि दहा मिनिटांत दोनच निष्कर्ष हाती उरतात: एक तर दिवस राहिलेत, नाहीतर काहीतरी भयंकर आजार आहे. सुतावरून स्वर्ग गाठायचा हा प्रकार.

पहिल्यांदाच असं झालेल्या बहुतेक जणी डागाचा रंग निरखत बसतात. खरं तर रंगावरून फार थोडं कळतं. ताजं रक्त लाल असतं, आत थोडा वेळ थांबून बाहेर आलेलं तपकिरी होतं आणि पांढऱ्या स्रावात मिसळलेलं गुलाबी दिसतं. डाग का पडला, हे त्यातून समजत नाही. ते समजायचं असेल तर कॅलेंडर काढा. हा लेख त्या कॅलेंडरबद्दलच आहे.

आधी, वाचत बसायचं नाही अशा खुणा

खालच्यापैकी काही होत असेल तर लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा: ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र किंवा वाढत जाणारी कळ, खांद्याच्या टोकाशी कारण नसताना दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, दरदरून घाम, मोठं पॅड तासाभरात भिजणं आणि असं सलग दोन तास चालणं, किंवा डागांबरोबर ताप आणि दुर्गंधी असलेला स्राव.

यात खांद्याचं दुखणं वाचून अनेकींना आश्चर्य वाटतं. गर्भ कधी कधी गर्भाशयात न रुजता गर्भनलिकेत रुजतो. १०० गर्भधारणांमागे एक-दोन वेळा असं होतं. नलिका फाटली तर रक्त पोटाच्या पोकळीत साचतं, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागतं, आणि त्याची कळ खांद्यात उमटते. अशा वेळी बाहेर मात्र थोडेसे गडद डागच दिसतात. म्हणून बाहेर किती रक्त जातंय यावरून धोका मोजू नका. गर्भधारणेची टेस्ट आधीच पॉझिटिव्ह आली असेल आणि त्यात दुखणंही असेल, तर रात्र आहे, उद्या बघू, असं म्हणायचं नाही.

यातलं काही नसेल, तर निवांत पुढे चला.

१. डाग आहेत की पाळी, ते ठरवा

पॅड, कप किंवा कापड लावल्याशिवाय भागत नाही असा स्राव म्हणजे पाळी. पुसल्यावर कागदाला लागणारं, कपड्यावर ठिपका उठवणारं, फार तर पातळ लायनरवर भागणारं रक्त म्हणजे डाग, म्हणजेच स्पॉटिंग. ही सीमारेषा काही काटेकोर नाही, पण हिशेबापुरती चालते.

पाळीच्या आदल्या एक-दोन दिवसांतले तपकिरी डाग पाळीत धरायचे नाहीत. स्राव नीट सुरू झाला तो दिवस पहिला. पाळी संपताना दोन-तीन दिवस रेंगाळणारे डाग मात्र त्याच पाळीची शेपटी, त्यांना वेगळं समजू नका.

रक्त नेमकं कुठून आलं हेही एकदा पाहून घ्या. लघवीला जळजळ होत असेल तर ते मूत्रमार्गातून येत असू शकतं, शौचाला कुंथावं लागत असेल तर मूळव्याधीतून. पांढऱ्या कागदाने प्रत्येक जागा वेगवेगळी पुसली की बऱ्याचदा लगेच उलगडा होतो. विचित्र वाटेल, पण नसती धावपळ वाचते.

मग पाच गोष्टी टिपून ठेवा: तारीख, डाग किती आणि किती दिवस, त्याआधीच्या एक-दोन दिवसांत शरीरसंबंध आला होता का, दुखतंय का, आणि कुठली गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे. मोबाइलच्या नोंदवहीत चार ओळी पुरतात. पुढे डॉक्टरही हेच विचारणार आहेत.

२. उलटं मोजा

चक्राचा पहिला दिवस म्हणजे पाळीचा पहिला दिवस. तिथपासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस म्हणजे चक्राची लांबी. २८ हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, पण प्रौढ स्त्रीमध्ये २४ ते ३८ दिवसांचं चक्र सर्वसाधारण मानतात. पाळी सुरू होऊन एक-दोन वर्षंच झालेल्या मुलींमध्ये ते २१ ते ४५ दिवसांपर्यंतही असू शकतं.

घोटाळा होतो तो इथे. बीज चौदाव्या दिवशी बाहेर पडतं, हे वाक्य शाळेपासून कानावर पडलेलं असतं. ते फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू आहे. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण दोन आठवडे, एखादीत दोन-तीन दिवस इकडे-तिकडे. चक्र लांबतं किंवा आखडतं ते त्याच्या आधीच्या भागात. म्हणून पाळी कधी येणार ती तारीख धरायची आणि तिथून १४ दिवस मागे यायचं.

उदाहरण घेऊ. दोन मैत्रिणी, दोघींची पाळी ३ मार्चला आली. दोघींना १६ मार्चला डाग दिसले.

पहिलीचं चक्र २८ दिवसांचं. तिची पुढची पाळी ३१ मार्चला, म्हणजे बीज १७ मार्चच्या आसपास बाहेर पडणार. १६ तारखेचा डाग अगदी त्याला लागून आला.

दुसरीचं चक्र ३५ दिवसांचं. तिची पाळी ७ एप्रिलला, बीज २४ मार्चच्या आसपास. तिचा १६ तारखेचा डाग बीज सुटण्याच्या आठवडाभर आधीचा आहे. त्याचं कारण वेगळं शोधावं लागेल, आणि ३१ मार्चला मैत्रीण टेस्ट करते म्हणून हिनेही केली, तर हाती येणाऱ्या एका रेघेला काहीच अर्थ नाही. तेव्हा बीज सुटून जेमतेम आठवडा झालेला असेल.

तारीख तीच, डाग तसेच, अर्थ मात्र निराळा. आपली पाळी किती दिवसांनी येते हे माहीत नसेल तर मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा आठवून पाहा. आठवत नसतील तर आजपासून लिहायला लागा.

३. डाग चक्राच्या कुठल्या भागात आला?

*बीज सुटण्याच्या सुमारास.* बीज बाहेर पडायच्या आधी इस्ट्रोजेन हे हार्मोन शिगेला पोचतं आणि मग एकदम उतरतं. प्रोजेस्टेरॉनने अजून सूत्रं हाती घेतलेली नसतात. त्या मधल्या वेळात गर्भाशयाच्या अस्तराचा आधार जरा सुटतो आणि काही जणींना एक-दोन दिवस थोडे डाग दिसतात. सोबत ओटीपोटात एका बाजूला हलकी कळ आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा स्राव असेल, तर अंदाज बराच पक्का होतो.

आता महत्त्वाचं. हा डाग या चक्रातल्या गर्भधारणेची खूण असूच शकत नाही, कारण बीज आत्ता कुठे सुटतंय. या दिवशी टेस्ट केली तर या चक्रातल्या संबंधांबद्दल ती काहीच सांगणार नाही. पण दिवस राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती याच दिवसांत. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं, स्त्रीबीज फार तर २४ तास. म्हणजे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस सुपीक. मूल हवं असेल तर ही चांगली वेळ. नको असेल आणि गेल्या दोन-तीन दिवसांत साधनाशिवाय संबंध आला असेल, तर तुमचा आजचा प्रश्न टेस्टचा नसून आपत्कालीन गर्भनिरोधकाचा आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी संबंधांनंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. मात्र ती बीज सुटणं लांबवून काम करते, एकदा बीज सुटलं की तिचा फारसा उपयोग उरत नाही. संबंधांनंतर पाच दिवसांच्या आत तांबी, म्हणजे कॉपर टी, बसवून घेणं हा त्याहून खात्रीचा उपाय आहे. दोन आठवडे टेस्टची वाट बघत जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलेलं बरं.

*बीज सुटल्यानंतर साधारण आठवडा-दहा दिवसांनी.* इंटरनेटवर सगळ्यात जास्त चर्चा याच डागांची, ‘इम्प्लांटेशन ब्लीडिंग’ या नावाने. कल्पना अशी की गर्भ अस्तरात रुजताना थोडं रक्त येतं. रुजणं होतं बीज सुटल्यापासून ६ ते १२ दिवसांत, बहुतेकदा आठव्या ते दहाव्या दिवशी. त्यामुळे गणित जुळल्यासारखं वाटतं. पण प्रत्यक्ष नोंदी काय सांगतात? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५१ गर्भवतींच्या रोजच्या नोंदी तपासल्या. पहिल्या आठ आठवड्यांत १४ जणींना रक्त दिसलं होतं, पण नेमकं रुजण्याच्या दिवशी ते क्वचितच होतं. बहुतेकींना ते पाळीची तारीख असते त्याच सुमारास दिसलं, आणि त्यातल्या बहुतेकींची गर्भधारणा पुढे व्यवस्थित पार पडली.

यातून दोन गोष्टी निघतात. डाग दिसले म्हणजे गर्भ रुजला, असं म्हणता येत नाही. आणि डाग दिसले नाहीत म्हणजे रुजला नाही, असं तर मुळीच नाही. दिवस राहिलेल्या बहुतेक जणींना असं काही दिसतच नाही. मूल हवं म्हणून दर महिन्याला त्या ठिपक्याची वाट पाहणाऱ्या बाईला हे वाचून वाईट वाटेल, पण तिचा दर महिन्याचा तो एक ताण तरी कमी व्हावा.

*पाळीच्या तोंडावर.* प्रोजेस्टेरॉन उतरायला लागलं की पाळीआधी एखादा दिवस डाग दिसणं नेहमीचंच. नीट स्राव सुरू झाला तर प्रश्न मिटला. डागच राहिले आणि पाळी आलीच नाही, तर टेस्ट.

*आणि एक शक्यता, जी फारशी कोणी लक्षात घेत नाही.* ज्या तारखेपासून आपण मोजतोय, ती मुळात पाळी होती का? वरच्या अभ्यासात रक्त दिसलेल्या बहुतेकींना ते पाळीच्या तारखेच्या सुमारासच दिसलं होतं हे विसरू नका. मागची पाळी नेहमीपेक्षा फार कमी आली असेल, पाच दिवसांऐवजी दीड दिवसात आटोपली असेल, किंवा रंगापलीकडे काही झालंच नसेल, तर ती गर्भारपणातली सुरुवातीची ब्लीडिंग असू शकते. तुम्ही ज्याला ‘महिन्याच्या मधले डाग’ म्हणताय ते मग सहाव्या आठवड्यातले निघतील. अशा वेळी पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही. टेस्ट आजच करा.

४. गर्भधारणेशी संबंध नसलेली कारणं

मधल्या डागांचं सगळ्यात नेहमीचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ते गोळ्यांच्या पाकिटात असतं. गर्भनिरोधक गोळ्या, इंजेक्शन किंवा हार्मोनचं कुठलंही साधन नव्याने सुरू केलं की पहिले तीनेक महिने अधूनमधून डाग पडतात. गोळी चुकली, रोजची वेळ बरीच पुढे-मागे झाली, गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तरीही पडतात. फरक असा की गोळी रोज वेळेवर घेणारीच्या डागांमागे गर्भधारणा असण्याची शक्यता फार कमी. दोन-तीन गोळ्या चुकलेली असेल तर ती शक्यता खरी. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतात, हेही लक्षात असू द्या.

आपत्कालीन गोळीनंतर आठवड्याभरात डाग पडणं सर्रास घडतं. ‘रक्त दिसलं, म्हणजे गोळी लागू पडली’ असं समजून अनेकजणी निर्धास्त होतात. तसा काही नियम नाही. त्यानंतरची पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते. तीन आठवड्यांत नीट पाळी आली नाही तर टेस्ट करायचीच.

पाळी पुढे ढकलण्याच्या किंवा रक्तस्राव थांबवण्याच्या गोळ्यांचा घोळ आणखी वेगळा. डाग दिसले की कुणाच्या तरी सांगण्यावरून या गोळ्या सुरू होतात, आणि मग कुठला स्राव कशाचा हे डॉक्टरांनाही उकलेना होतं. दिवस राहिल्याची किंचितही शंका असेल तर आधी टेस्ट, मग गोळी.

तांबी बसवल्यावर तीन-सहा महिने डाग आणि जास्तीचा स्राव होऊ शकतो. तांबी असताना दिवस राहणं क्वचित घडतं, पण राहिलेच तर गर्भ नलिकेत असण्याचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे तांबी असलेल्या बाईची पाळी चुकली तर तिने ‘मला कसं शक्य आहे’ म्हणून टेस्ट टाळू नये.

संबंधांनंतर लगेच रक्त दिसत असेल तर बोट गर्भाशयाच्या मुखाकडे जातं: तिथली नाजूक त्वचा, सूज, क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग, एखादा मोड (मांसाची छोटी वाढ). क्वचित गर्भाशयमुखाचा कर्करोगही. एकदाच झालं तर घाबरू नका, पुन्हा पुन्हा झालं तर तपासणी लांबवू नका.

बाकी गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइडची गडबड, पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याची तक्रार), रक्त पातळ करणारी औषधं, पाळी जाण्याच्या आधीची वर्षं, ही यादी मोठी आहे आणि घरबसल्या सुटणारी नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: पाळी बंद होऊन सलग १२ महिने झाले आणि नंतर एक थेंब जरी दिसला, तरी डॉक्टरांकडे जायचं.

५. टेस्टचा दिवस ठरवा

टेस्टची पट्टी शोधते एचसीजी नावाचं हार्मोन. ते तयार करतात पुढे वार (प्लॅसेंटा) बनणाऱ्या पेशी, आणि तेही गर्भ रुजल्यावरच. आधी ते रक्तात येतं, मग लघवीत. सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं. पट्टीला ओळखता येईल इतकं होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. जाहिरातीत कितीही ‘लवकर निकाल’ लिहिलेलं असो, न रुजलेला गर्भ कुठल्याच पट्टीला सापडत नाही.

हे हार्मोन लघवीत असतं हे कळलं १९२७ च्या सुमारास, बर्लिनमध्ये. आशहाइम आणि त्सोन्डेक हे दोन डॉक्टर बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचत आणि काही दिवसांनी तिचे बीजकोश तपासत. पुढे त्या जागी आफ्रिकेतली बेडकी आली, तिने अंडी घातली की बाईला दिवस राहिलेत. घरी करायच्या किटची कल्पना १९६७ मध्ये मार्गारेट क्रेन या अमेरिकेतल्या ग्राफिक डिझायनरने मांडली, आणि बायकांच्या हाती एवढं गुपित द्यावं का यावर तेव्हा वादही झाले. आज काम पाच मिनिटांवर आलंय, पण चुकीच्या दिवशी केली तर पट्टी आजही निरुपयोगी.

तर दिवस कुठला?

पाळी नियमित असेल तर पाळी चुकली तो दिवस. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या मैत्रिणीसाठी ३१ मार्च, दुसरीसाठी ७ एप्रिल. आणखी आठवडाभर थांबवलं तर निकाल अधिक खात्रीचा, पण तेवढा धीर कुणाला असतो? म्हणून पाळी चुकल्याच्या दिवशी एक आणि एकच रेघ आली तर तीन दिवसांनी दुसरी, असं दोन पट्ट्यांचं नियोजन बरं. रोज एक पट्टी खर्ची घालण्यात अर्थ नाही. हार्मोनला वाढायला वेळ तर द्यायला हवा.

पाळी अनियमित असेल, चक्राचा नेमच नसेल, तर पाळीची तारीख विसरा. साधनाशिवाय आलेल्या शेवटच्या संबंधांची तारीख धरा आणि २१ दिवस मोजा. १४ मार्चला संबंध आला असेल तर ४ एप्रिल. तोपर्यंत पुरेसं हार्मोन तयार झालेलं असतं, चक्र कसंही असो. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आयांनीही हाच नियम वापरावा, कारण पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटतं आणि पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात.

मागच्या पाळीबद्दल शंका असेल तर वर म्हटलंय तसं, आजच.

संबंध आलाच नसेल, किंवा शेवटची नीट पाळी येऊन गेल्यावर आलेला नसेल, तर टेस्टची गरज नाही. हे लिहावं लागतं कारण भीतीला तर्क लागत नाही. पोहण्याच्या तलावातून, टॉवेलवरून किंवा कपड्यांवरून दिवस राहत नाहीत.

६. टेस्ट नीट करा

सकाळची पहिली लघवी घ्या, रात्रभर साचल्यामुळे त्यात हार्मोन दाट असतं. दिवसा करायची असेल तर चार तास तरी लघवीला जाऊ नका, आणि लघवी यावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊ नका. पाण्याने हार्मोनही पातळ होतं.

पाकिटावरची मुदत बघा. आतलं पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा. भांडं कोरडं हवं, साबणाचा अंश नको. डाग चालू असतील तर आधी पुसून घ्या, सुरुवातीची धार सोडून मधली घ्या. थोडं रक्त मिसळलं म्हणून खोटी दुसरी रेघ उमटत नाही.

बुडवायची पट्टी असेल तर खुणेच्या वर बुडू देऊ नका. कार्ड असेल तर सोबतच्या नळीने सांगितले तेवढेच थेंब खळग्यात टाका. मग सपाट जागी ठेवा आणि घड्याळ लावा. बहुतेक किटवर तीन ते पाच मिनिटांनी वाचा असं लिहिलेलं असतं, तुमच्या किटवर जे लिहिलंय ते पाळा.

‘सी’ या जागी रेघ आलीच पाहिजे, ती नसेल तर टेस्ट बाद. ‘टी’ या जागी वेळेत रंगीत रेघ आली, कितीही पुसट असो, ती पॉझिटिव्ह. ‘थोडीशी गर्भार’ असं काही नसतं. पण अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून पाहिलेल्या पट्टीवरची राखाडी, बिनरंगाची रेघ म्हणजे वाळलेल्या लघवीचा माग. तिच्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नका. अनेक घरांत आनंद किंवा आकांत या राखाडी रेघेवरून झालेला आहे.

साखर, मीठ, टूथपेस्ट यांत लघवी मिसळून फेस बघायचे प्रयोग सोडून द्या. फेस कुणाच्याही लघवीने येतो.

साध्या अँटिबायोटिक किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी निकाल बदलत नाही. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर मात्र दोन आठवडे ते शरीरात राहून खोटी रेघ देऊ शकतं. बाळंतपण, गर्भपात किंवा गर्भ पडून गेल्यानंतरही काही आठवडे पट्टी दोन रेघा दाखवू शकते.

७. निकाल हाती आल्यावर

एकच रेघ, आणि पाळीही नाही: तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा. तरीही तसंच असेल तर डॉक्टरांकडे जा. ते बीटा एचसीजीची रक्ततपासणी सांगतील. ती पट्टीपेक्षा दोन-चार दिवस आधी बोलते आणि नुसतं हो-नाही न सांगता आकडा देते. संबंधांना २१ दिवस उलटून गेल्यावर नीट केलेली टेस्ट निगेटिव्ह असेल, तर पाळी लांबण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं: ताण, आजारपण, वजनातला मोठा फरक, थायरॉइड.

एकच रेघ, पाळी आली, पण डाग दर महिन्याला पडतायत: दोन-तीन चक्रांच्या नोंदी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. साधारणपणे आतून तपासणी, गरजेप्रमाणे गर्भाशयमुखाचा पॅप (तिथल्या पेशींची तपासणी), संसर्गाची तपासणी, थायरॉइड आणि सोनोग्राफी, एवढंच असतं. ‘संबंध आला होता का’ हा प्रश्न येणारच. लग्न झालंय की नाही हे जोखण्यासाठी तो नसतो, तारखांचं गणित मांडण्यासाठी असतो. सोबत आलेल्यांसमोर बोलायचं नसेल तर ‘मला एकटीने बोलायचंय’ असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुसट दुसरी रेघ आली आणि चार-सहा दिवसांत पाळीसारखा स्राव झाला, तर गर्भ रुजून लगेच सुटला असण्याची शक्यता असते. हे पुष्कळदा होतं, आणि त्याला धावपळ, जड उचलणं किंवा तुमची कुठली चूक कारणीभूत नसते. डॉक्टरांना कळवा, म्हणजे नलिकेतला गर्भ नाही ना याची खात्री होईल.

दोन स्पष्ट रेघा आणि सोबत डाग: पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एकीला थोडंफार रक्त दिसतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं सुरळीत होतं. तरी डॉक्टरांना लगेच कळवायचं. आपला रक्तगट सांगायचा, कारण तो आरएच निगेटिव्ह असेल तर, आईच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार करू नये म्हणून, काही वेळा अँटी-डी इंजेक्शन लागतं. मूल ठेवायचं असेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा. नको असेल तर दुकानातून गोळ्या आणून घरी घेऊ नका. गर्भ नलिकेत असेल तर त्या गोळ्या त्याचं काही करत नाहीत, आणि त्यानंतरचं रक्त पाहून सगळं आटोपलं असं वाटत राहतं.

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. डागांनाच पाळी समजून तारीख सांगितली तर सगळा हिशेब तीन-चार आठवड्यांनी चुकतो आणि सोनोग्राफीत गर्भ ‘तारखेपेक्षा मोठा’ दिसून नसती धास्ती बसते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हे दुरुस्त करते, पण शंका असेल तर डॉक्टरांना दोन्ही तारखा सांगा: नीट पाळी आली होती ती, आणि डाग दिसले ती.